विनापरवानगी ओळख

पहिल्या दिवशी आबांनी मला प्राणिगृहाच्या दारात पाऊण तास उभं केलं होतं. माझ्या हातात संचालकांच्या सहीचं पत्र होतं, गळ्यात नवं कोरं ओळखपत्र होतं, आणि आतल्या उंदरांवर मी पीएचडी करणार आहे हे त्या पत्रात दोनदा लिहिलेलं होतं. आबांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "त्ये झालं. पन तुमी कुणापैकी?"

मी आडनाव सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही. वडिलांचं मूळ गाव झालं, आईचं माहेर झालं, दोन्ही आज्यांची माहेरं झाली. शेवटी माझ्या आईच्या चुलत बहिणीची नणंद आबांच्या बहिणीच्या गावात दिलेली निघाली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "मग आदी सांगायचं की! आपल्याच की तुमी," म्हणत त्यांनी कुलूप काढलं. मी मुळात अबोल. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली तरी मला सुचत नाहीत. त्या पाऊण तासात मला या माणसाचा जो राग आला, तो पुढची तीन वर्षं अधूनमधून येतच राहिला.

आमची संस्था कोल्हापूरजवळ, कळंब्याच्या अलीकडे. मागच्या अंगाला एक बैठी इमारत, तिच्यात प्राणिगृह. आत बारा महिने सारखंच तापमान, ठरलेल्या वेळी लागणारे आणि विझणारे दिवे, आणि फळ्यांवर ओळीने पिंजरे. आमचं काम सांगायला सोपं आहे. लहान मुलांमधल्या स्वमग्नतेसारख्या अवस्थांशी ज्या जनुकांचा संबंध दिसतो, त्यांतलं एक जनुक उंदरात मुद्दाम मोडायचं, आणि मग त्या उंदराचा मेंदू कसा वाढतो, तो कसा वागतो हे बघायचं. हे ऐकलं की माझ्या सगळ्या मावश्या एकच विचारतात, "अगं, पण उंदराचं बिघडलंय हे कळतं कसं?"

कळतं. त्यासाठी तीन खोल्यांची एक पेटी असते. मधल्या खोलीत आपला उंदीर सोडायचा. एका बाजूच्या खोलीत तारेची रिकामी वाटी पालथी घातलेली, दुसऱ्या बाजूला तशाच वाटीखाली एक अनोळखी उंदीर. साधा उंदीर लगेच त्या अनोळखी उंदराकडे जातो, हुंगतो, घुटमळतो. जनुक मोडलेला उंदीर तिकडे फिरकत नाही. रिकाम्या वाटीशी बसतो, नाहीतर कोपरा धरून अंग चाटत राहतो. वर कॅमेरा. कोण कुठे किती सेकंद होता ते मोजायचं, की झालं. त्या वाटीखालच्या उंदराला आम्ही कागदावर 'अनोळखी' म्हणायचो. आबा त्याला पावणं म्हणायचे.

आबा प्राणिगृहाचे मुख्य सेवक. आठवड्याचे सहा दिवस उंदीर आणि रविवारी सोयरिकी जुळवणं, असं त्यांचं आयुष्य होतं. दोन्हींची वही एकच. एका पानावर 'मुलगा डिप्लोमा, उंची साडेपाच, घरची चार म्हशी' आणि समोरच्या पानावर 'पिंजरा अठरा, पिल्लं सात, एक अशक्त'. एकदा एका मुलाच्या बापाला त्यांनी चुकून समोरचं पान वाचून दाखवलं होतं, असं ऐकिवात आहे. 'शेपटीचं टोक तपासणीला पाठवलं' इथपर्यंत तो बाप निमूटपणे ऐकत होता म्हणे.

पिंजऱ्यांचे नंबर आबांना पटत नसत. नंबरावरनं माणसाला काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी फळ्यांना गावं दिली होती. वरची फळी जयसिंगपूर, मधली हातकणंगले, खालची कळंबा. मादी एका फळीवरून दुसऱ्या फळीवरच्या पिंजऱ्यात हलवली की वहीत नोंद व्हायची, 'लेक हातकणंगल्याला दिली.' मी जयसिंगपूरची, त्यामुळे वरच्या फळीवर एखादा उंदीर चावरा निघाला की त्याचा जाब मला विचारला जायचा. सकाळी दार उघडताना ते "आलो रं मंडळी!" अशी आरोळी ठोकत. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती त्यांनीच ठोकली होती, आणि ती इतरांसाठी आहे अशी त्यांची ठाम समजूत होती.

एवढा जीव लावणारा माणूस घरी मात्र उंदरांना औषध घालून मारायचा. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "त्यो घरातला उंदीर कुणापैकी हाय, ठावं हाय का तुमास्नी?"

भावा-बहिणीचं प्रकरण मी रुजू व्हायच्या आधीचं, पण ते सांगायलाच हवं. उंदरांचा वाण शुद्ध राखायचा तर पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावा-बहिणीची जोडी लावतात. जगात सगळीकडे तसंच करतात. माझे मार्गदर्शक सर बरीच वर्षं परदेशात राहून आलेले, बोलायला अतिशय हळू. त्यांनी आबांना तसं सांगितलं. आबा लालबुंद झाले. "सर, ह्ये पाप माझ्या हातनं हुनार न्हाय," म्हणाले. सर बिचारे तासभर फळ्यावर आकृत्या काढत बसले. आबा मान डोलवत राहिले. सर समजले, पटलं. पुढे कितीतरी महिन्यांनी वंशावळीचा तक्ता काढला तेव्हा कळलं की आबांनी सगळ्या जोड्या मामेबहीण-आत्तेभाऊ अशा लावल्या होत्या. एक चुकली नव्हती.

"आत्तीचा ल्योक, मामाची ल्येक," आबांनी सरांनाच समजावलं. "ह्यात काय वंगाळ हाय? आमच्यात सर्रास हुतंय. तुमच्यात हुत न्हाय व्हय?"

तेव्हापासून एक अलिखित तह झाला. भावा-बहिणीची जोडी लावायची असेल त्या दिवशी आबा चहाला जात आणि अर्धा तास येत नसत. परत आल्यावर त्या पिंजऱ्याकडे पाठ करून म्हणत, "मी काय बगितलं न्हाय."

माझ्या पीएचडीचा सगळा डोलारा एका औषधावर होता. जनुक मोडलेल्या उंदरांना ते दिलं तर ते अनोळखी उंदराकडे जातील का, एवढाच प्रश्न. औषध देण्यापूर्वीच्या चाचण्या मी पहिल्याच वर्षी केल्या. तेव्हा आबा स्कूटरवरून पडून पाय मोडून घरी होते. निकाल पुस्तकात छापावा तसा आला, साधे उंदीर पाहुण्याकडे, मोडक्या जनुकाचे कोपऱ्यात. पुढे उंदरांची संख्या वाढवून तिसऱ्या वर्षी औषधाची फेरी. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साधं पाणी, कुणाला काय ते फक्त सरांना ठाऊक. आबा केव्हाच कामावर परतले होते. पहिल्या दिवशी दोन उंदीर तपासले तेव्हा ते माझ्या मागे उभे राहून पडद्यावर बघत होते. दोन्ही उंदीर कोपऱ्यात बसून राहिले. मी वहीत दोघांपुढे खूण केली.

"काय लिवलं?" आबांनी विचारलं.

"लक्षणं आहेत, असं."

"म्हंजी रोगी?"

"तसंच," मी म्हणाले. आबा निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून सगळं उलटं व्हायला लागलं. मोडक्या जनुकाचे उंदीर सोडल्या सोडल्या पाहुण्याकडे जायला लागले. औषधवालेही गेले आणि पाणीवालेही. इकडे साधे, धडधाकट उंदीर त्या वाटीकडे एकदा बघायचे आणि घरचीच भिंत दिसावी तसे पाठ फिरवून बसायचे. आठवडाभरात माझ्या हातात असा आलेख होता, की रोगी ते निरोगी आणि निरोगी ते रोगी. सरांना वाटलं, मी पिंजऱ्यांवरच्या खुणा उलट्या केल्या. मी सगळ्यांचे जनुक पुन्हा तपासले. खुणा बरोबर होत्या. खाद्य बदललं, पाणी बदललं, पेटी धुतली, कॅमेरा बदलला. माझी शिष्यवृत्ती चार महिन्यांत संपणार होती, पंधरा दिवसांवर पीएचडीच्या समितीसमोर बसायचं होतं, आणि मी ज्या आजारावर औषध शोधत होते तो आजारच गायब झाला होता. घरी आईने विचारलं, "बरे झाले ना उंदीर? मग रडतेस कशाला?" मी ताट सरकवून उठले.

एके सकाळी माझा भाऊ जयसिंगपूरहून गाडीने कोल्हापूरला येणार होता, त्याच्याबरोबर मी रोजच्यापेक्षा दोन तास आधी पोहोचले. प्राणिगृहात आबांचा आवाज येत होता. हातात स्टीलची वाटी, वाटीत मूठभर भुसा. पाहुण्या उंदराच्या पिंजऱ्यातला, त्याच्या वासाचा, अर्धवट ओला भुसा. आबा एकेका पिंजऱ्याचं झाकण काढून त्यातली चिमूट आत टाकत होते.

"ह्यो बगा हातकणंगल्याचा. तुमच्या आज्जीच्या भैनीचा नातू लागतोय. आज दुपारी गाठ पडंल. नीट बोला. लाजू नगा." झाकण लावलं, पुढचा पिंजरा. "तुमचा ह्यो मावसभाऊच की. जरा चावतोय, पन मनानं चांगला हाय."

मी दारातच ओरडले, "आबा! काय करताय हे?"

"वळख करून द्याय लागलोय," ते शांतपणे म्हणाले.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. आयुष्यात इतकी मोठ्याने मी कुणावर ओरडले नव्हते. अनोळखी म्हणजे अनोळखी हवा, तीच तर चाचणी, तुम्ही माझी तीन वर्षं मातीत घातलीत, प्रयोगात खोटेपणा केलात, असं बरंच. आबांनी वाटी खाली ठेवली.

"खोटं काय केलं म्या? परक्याला एकदम म्होरं आणून बसिवता, आन वर घड्याळ लावून मोजता ह्यो बोलतोय का न्हाय. आन न्हाय बोलला तर रोगी म्हणून लिवता. आवो, मी सोयरिकी जुळवतोय. एकदा घरान्यावर रोगी म्हणून लिवलं, की त्या घरात पुन्ना कोन पाऊल टाकत न्हाय. ही पोरं माझ्या हाताखाली वाडलीत. मी लिवू दीन व्हय?"

मी तरातरा सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, सर आता आबांना बाहेर काढतील. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "किती भुसा?"

पण प्रकरण कार्यालयात गेलंच. आबांना नोटीस निघाली. 'प्रायोगिक प्राण्यांची विनापरवानगी परस्पर ओळख करून दिल्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' आबांनी चार पानांचा खुलासा दिला. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कोणता उंदीर कुणाचा कोण लागतो एवढंच होतं. कार्यालयाने 'खुलासा समाधानकारक' असा शेरा मारून फाईल बंद केली. चार पानं वाचण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं असावं. समितीने मात्र झालेली फेरी रद्द धरली आणि मला एक वर्ष वाढवून दिलं, बिनाशिष्यवृत्तीचं.

फेरी पुन्हा केली. आबांना सकाळी आत यायची बंदी. ते बाहेर पायरीवर उन्हात बसून राहत, माझ्याशी बोलत नसत. अनोळखी उंदीर पुन्हा खराखुरा अनोळखी झाला, आजार परत आला, आणि औषधाचा काडीचाही उपयोग नाही हे स्वच्छ सिद्ध झालं. सर म्हणाले, "हाही निष्कर्षच आहे." खरं होतं, पण त्याच्यावर पीएचडी मिळत नाही. हातात उरलं होतं ते एकच. भुसा. त्या वासाने साध्या उंदरांना पाहुण्याचं नवल उरत नव्हतं आणि मोडक्या जनुकाच्यांचं बुजणं जात होतं.

मला पायरीवर जाऊन आबांच्या शेजारी बसावं लागलं. तीस उंदीर, सगळे मोडक्या जनुकाचे. पंधरांची आधी ओळख करून द्यायची, पंधरांची नाही, आणि फरक बघायचा. आबांना ओळख करून द्यायला हवी होती, मला मोजायला. वाटलं, खूश होतील.

"निम्म्यांची न्हाय म्हंजी?" आबा म्हणाले. "एका पंगतीत निम्म्यांना वाढायचं आन निम्म्यांनी बगत बसायचं? आसलं मी करत नसतोय."

चार दिवस हे चाललं. तुलना करायची तर निम्मे वगळावेच लागतात, हे मी परोपरीने सांगितलं. शेवटी त्यांनी अट घातली. चाचणी झाली, की राहिलेल्या पंधरांचीही ओळख करून द्यायची. "शबुद द्या, ताई." मी दिला.

मग या ओळखीसाठी रीतसर परवानगी मागावी लागली. अर्जात एक रकाना होता, मात्रा आणि वारंवारता. मी आबांना विचारलं. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "एक चिमूट, एकदा. पावणं लईच मोठं आसंल तर दोनदा." मी पहिला भाग लिहिला. पुढे सरांचा आग्रह, की प्रत्येक पिंजऱ्यापाशी तेच वाक्य, तेवढाच वेळ. आबा भडकले. मामेभावाला आणि मावसभावाला एकच वाक्य कसं सांगायचं? अखेर तडजोड झाली. वाक्य आबांचं, पण बारा सेकंदांत. मी स्टॉपवॉच घेऊन त्यांच्यामागे उभी राहायची. तीन वर्षं मी उंदरांचे सेकंद मोजले होते, आता आबांचे मोजायला लागले. नातं लांबचं असलं की ते बारा सेकंदांत बसायचं नाही, आणि तो उंदीर बाद करावा लागेल या धास्तीने मी त्यांना "आटपा, आटपा" अशा खुणा करायचे.

फरक आला. ओळख झालेले उंदीर पाहुण्याकडे जात होते. सगळे नाही, पण बरेच. मी पहिल्यांदा नीट झोपले.

मध्येच आबांचं निवृत्तीचं वय भरलं. निरोपाच्या समारंभात नारळ, शाल, भाषणं झाली. फाटकाशी मला बाजूला घेऊन त्यांनी एकच विचारलं, "पंधरा ऱ्हायलेत. ध्येनात हाय न्हवं?" मी म्हणाले, आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं कार्ड बंद झालं.

शेवटची चाचणी त्यानंतर आठ दिवसांनी संपली. पुढच्या सकाळी मेंदू काढायचे होते. हे आमच्या कामातलं असं आहे, की ते कुणी मावशी विचारत नाही आणि मी सांगत नाही. आबांना अर्थातच ठाऊक होतं. अशा दिवशी ते नेहमी रजा टाकत.

ओळख न झालेल्या उंदरांच्या मेंदूत काय दिसतं, हा माझ्या प्रबंधाचा दुसरा अर्धा भाग होता. ऐन वेळी त्यांची ओळख करून दिली असती तर तो भाग गेला असता. शब्द देताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आलं होतं. तरीही चाचणी संपल्याच्या त्या दुपारी मी वाटीत भुसा घेतला. पहिल्या पिंजऱ्याचं झाकण काढलं. आतला उंदीर मागच्या पायांवर उभा राहून नाक हलवत होता. मी झाकण परत लावलं, भुसा कचऱ्यात टाकला आणि हात धुतले.

पीएचडी मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रत्येक आकडा खोदून विचारला, एकही खोटा निघाला नाही. पेढे घेऊन मी आबांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात बसले होते, पाय अजून थोडा दुखत होता. पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"ऱ्हायलेल्यांची झाली न्हवं वळख?"

"झाली," मी म्हणाले.

"समद्यांची?"

"पंधराच्या पंधरा."

"त्या तुटक्या कानाचीचं काय? ती लई भिती. गेली का म्होरं?"

इथे मी मान हलवून गप्प बसू शकले असते. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, की मला गप्प बसवेना. मी म्हणाले, ती आधी मागे सरली, मग भुसा हुंगला, मग बराच वेळ तिथेच बसली. आबांनी डोळे मिटले. मग दुसरीचं विचारलं, मग तिच्या भावाचं. मी सांगत गेले. मला अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत, आणि मी त्या पंधरा उंदरांचं एकेकाचं वागणं इतकं रचून सांगितलं, की कुठे काही चुकतंय असं माझं मलाच वाटेना. कोण लाजलं, कोण आधी पुढे आलं, कुणी आपल्या जागेवरून उठून पाहुण्याला जागा दिली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही, आणि थांबताही येईना. सगळं झाल्यावर आबांनी डोळे पुसले, पेढा तोंडात टाकला आणि आत वळून हाक मारली.

"आगं ये, भाईर ये जरा. आपली मंडळी काय काय बोलली बग पावण्यासंगं, ताई सांगत्यात."

आतून त्यांची बायको हात पुसत आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "सांगा की." मी पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्या पिंजऱ्यापासून पुन्हा सांगायला लागले.